कापा आणि बरका

वैशाखात कोकणातल्या आमच्या हेदवीला फणस फोडला की घर दोन ताटांभोवती बसतं. एका ताटात कापा. तिथे तरुण माणसं आणि शाळकरी पोरं, ज्यांना गरा दाताखाली करकरला पाहिजे. दुसऱ्या ताटात बरका. तिथे घरातली म्हातारी माणसं आणि अगदी तान्ही सोडली तर सगळी लहान मुलं. बरक्याला चावावं लागत नाही. आठळी बोटाने बाजूला काढली, की रसाळ गरा जिभेवरून घसरत खाली जातो. कोकणात ही वाटणी आवडीची मानतात. अमक्याला कापा आवडतो, तमक्याला बरका. माझी आजी, जिला आम्ही माई म्हणायचो, बरक्याच्या बाजूला बसायची आणि म्हणायची, “कापा तुम्हांला घ्या रे, मला आपला बरका बरा.” थोरल्या मामांना मात्र तिचं वेगळं खाणं आठवत होतं. ती तरुण होती तेव्हा फणस तीच फोडायची. हाताला खोबरेल लावून, विळीवर बसून, चीक पुसत ती गरे काढायची आणि काढता काढता कापाच खायची. बरका म्हणजे तिच्या लेखी तेव्हा सांदणांपुरता.

तिची आवड बदलली नव्हती. तिच्या दाढा गेल्या होत्या.

मला वाटतं, म्हातारपणी माणसांच्या ज्या ज्या आवडी बदलल्या असं आपण म्हणतो, त्यांतल्या पुष्कळ अशाच बदललेल्या असतात. माणूस ‘चावत नाही’ असं सांगत नाही. ‘नको’ म्हणतो. आणि घर ते नको खरं मानून पुढे वाढायला जातं.

चावणं आपण इतक्या लहानपणी शिकतो, की ते शिकलो हेसुद्धा आठवत नाही. खरं तर ती फार कसबाची गोष्ट आहे. अक्कलदाढा धरून मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात. त्यांत पुढचे आठ पटाशीचे. कैरीचा, पेरूचा लचका तोडायचा तो त्यांनी. त्यांच्या कडेचे चार सुळे चिवट गोष्ट धरून ओढायला. मग आठ उपदाढा ठेचायला आणि मागे बारा दाढा दळायला. जीभ आणि गाल घास सारखा ढकलून दाढांच्या मध्ये आणून ठेवतात. घास एका बाजूने निसटला की दुसऱ्या बाजूने परत आत. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडात येते आणि त्या लाळेने तुकड्यांचा एक मऊ, निसरडा गोळा बांधला जातो. साधा भात जरा जास्त वेळ चावला की गोड लागायला लागतो, तो लाळेने त्यातल्या पिठाची साखर करायला घेतली म्हणून. आणि वास? आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. चावताना कण फुटतात, त्यांतून वास सुटतो आणि घशाच्या मागून नाकात चढतो. ओल्या काजूच्या उसळीतला काजूगर दातांनी फोडला तरच त्यातली दुधाळ गोडी सापडते. नुसता गिळला तर तो मसाल्यात लपेटलेला एक गुळगुळीत गर आहे, एवढंच कळतं. न चावणाऱ्याचं पोट भरतं, पण अन्नाची त्याच्याशी पुरती ओळख होत नाही.

दात हे जाणतं इंद्रियही आहे. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं अगदी पातळ अस्तर असतं आणि त्या अस्तरात स्पर्श टिपणारे मज्जातंतू असतात. केसापेक्षा बारीक जाडीही ते ओळखतात. भातातला एवढासा खडा दाताखाली येतो आणि जबडा जागच्या जागी थांबतो, ते या अस्तरामुळे. खेकड्याच्या नांगीत किती जोर लावायचा, बांगड्याचा काटा कुठे आहे, गरा अजून किती कच्चा आहे, हे मेंदूला दातच सांगतात. दात काढला की हे अस्तरही जातं. त्या जागी पुढे कितीही सुरेख कृत्रिम दात बसवला तरी ही जाण तशीच्या तशी परत येत नाही.

एक दाढ गेली म्हणजे नेमकं किती गेलं? मोजायला गेलं तर ३२ मधली एक. पण दाढ एकटी काम करत नाही. वरची आणि खालची मिळून एक जोडी दळते. खालची गेली की वरची, धडधाकट असूनही, बिनकामाची होते. म्हणून दंतवैद्य नुसते दात मोजत नाहीत. समोरासमोर भिडणाऱ्या किती जोड्या उरल्या, हे पाहतात. कुणाच्या तोंडात बारा दात असतील आणि त्यांतल्या एकाचीही दुसऱ्याशी गाठ पडत नसेल, तर तो माणूस खाण्यापुरता जवळजवळ बोळकाच. शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. शेजारची दाढ हळूहळू तिच्याकडे कलते. समोरची, अडवणारं कुणी उरलं नाही म्हणून, हिरडीतून खाली किंवा वर सरकत येते. कललेल्या दाढांच्या फटीत अन्न अडकतं आणि तिथे पुढची कीड धरते. माणूस त्या बाजूने खाणं सोडतो, सगळा भार दुसऱ्या बाजूवर घालतो, आणि काही वर्षांत ती बाजूही कुरकुरायला लागते. एका दाढेची गोष्ट एका दाढेपाशी संपत नाही.

चावण्याची ताकद मोजायची कशी, यावर दंतशास्त्राने साधी युक्ती शोधली. १९५० साली मॅन्ली आणि ब्रेली या अमेरिकन संशोधकांनी लोकांना शेंगदाणे चावायला दिले, ठरावीक वेळा चावून झाले की तोंडातला चोथा काढून घेतला आणि चाळणीतून चाळला. बारीक किती खाली पडलं आणि भरड किती वर राहिलं, ते त्या तोंडाचं माप. पुढे शेंगदाण्यांऐवजी दोन रंगांचं च्युइंगम आलं, जेलीचे तुकडे आले. निष्कर्ष मात्र सगळीकडे एकाच दिशेचे. मागच्या दाढा गेलेल्यांच्या तोंडातलं भरड राहतं. संपूर्ण कवळी लावणाऱ्यांचं त्याहून भरड. आणि यात एक गोष्ट मला फार लागते. ज्यांना नीट चावता येत नाही ती माणसं तेवढा जास्त वेळ चावून घास बारीक करतात, असं होत नाही. थोडं जास्त चावतात, पण शेवटी मोठेच तुकडे गिळून टाकतात. जेवणाला तरी किती वेळ लावायचा, बाकीच्यांची ताटं केव्हाच रिकामी झालेली असतात.

पंगतीत हे दिसतं. सगळे हात धुवायला उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, ही आपली जुनी रीत. ज्याला हळू जेवावं लागतं त्याच्यावर तिचा दाब येतो. आपल्यामुळे पंगत खोळंबली असं वाटू नये म्हणून म्हातारं माणूस अर्ध्या पानावर पाणी पितं आणि म्हणतं, “झालं माझं. पोट भरलं.”

पानातून पदार्थ जातात तेही एका क्रमाने. आधी जातात भाजलेले काजू आणि तळलेले गरे. मग काकडी, पेरू, आवळा. मग लोणच्यातली कैरीची फोड. तिचा खार तेवढा बोटाने चाखायचा आणि फोड पानाच्या कडेला ठेवायची. मग भाकरीचा पापुद्रा. मग कोंबडी-मटण, रस्सा तेवढा चालतो. मग पालेभाजीचे देठ, शेवग्याची शेंग, उसळीतले जरा टणक राहिलेले कडवे वाल. प्रत्येक पदार्थ जाताना एक कारण ठेवून जातो. “पित्त होतं.” “जड पडतं.” “आता पूर्वीसारखी गोडी नाही राहिली.” कारणं खोटी नसतात. न चावलेला घास खरोखरच जड पडतो. शेवटी पानात उरतं काय, तर भात, डाळीचं पाणी, चहात बुडवलेलं बटर किंवा बिस्किट आणि साखर घातलेलं काहीतरी. चोथा गेला, फळं गेली, दाण्यांतलं तेल आणि प्रथिनं गेली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्याही वाट्याला नेमकं पिठूळ आणि गोड तेवढं येतं. दात कमी झालेल्या माणसांच्या खाण्यातून कच्च्या भाज्या, फळं आणि कठीण दाणे कमी होतात, हे जगभर पुन्हा पुन्हा आढळलं आहे. म्हातारपणी माणूस वाळला, बद्धकोष्ठ जडलं, हातापायांतलं बळ गेलं, म्हणजे आपण वयाकडे बोट दाखवतो. त्या वाळण्यात जबड्याचा वाटा किती, हे कुणी पाहत नाही.

आमच्या कोकणात तर हे दिसणं आणखी अवघड. देशावर ज्वारीची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा, भाजलेले दाणे. तिथे दाढा गेल्या की रोजच्या पहिल्या घासालाच कळतं. आमचं रोजचं खाणंच मऊ. सकाळी पेज, नाहीतर मऊभात, वर तूप, मेतकूट, लिंबाचं मुरलेलं लोणचं. कुळथाचं पिठलं, आंबोळ्या, घावणे. बोंबील तर जिभेने दाबला तरी विरघळतो. देवाचा नैवेद्यसुद्धा उकडीच्या मोदकांचा, ज्याला दातांची गरज नाही. हे अन्न फार प्रेमळ आहे. तान्हेपण संपलेल्या बाळाला आणि दात गेलेल्या पणजीला ते एकाच पातेल्यातून वाढता येतं. पण याच मऊपणाच्या आडून तोंडातली पडझड वर्षानुवर्षं लपून राहते. घरात कुणी उपाशी नाही म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही, असं वाटत राहतं.

आणि हे प्रेम फार जुनं आहे. पाटा-वरवंटा, उखळ, जातं, खोबरं खोवायची विळी, ही सगळी तोंडाबाहेर चावण्याचीच साधनं. माईच्या पानाच्या डब्याशेजारी एक पितळी खलबत्ता असे. दाढा होत्या तोवर अडकित्त्याने कातरलेली सुपारी ती दाढेखाली धरायची. दाढा गेल्यावर पान, चुना, कात, सुपारी सगळं त्या खलात घालून ती कुटायची आणि लाल झालेला लगदा गालात ठेवायची. दुपारी माजघरातून त्या खलाचा आवाज आला की ती उठली, हे समजायचं. आमच्या गुहागर तालुक्यात घरोघर पोफळीची वाडी, तेव्हा घरोघर हा आवाज असणार.

कॉकेशसच्या डोंगरांत, जॉर्जियातल्या द्मानिसी या ठिकाणी या शतकाच्या सुरुवातीला एक कवटी सापडली. सुमारे १७-१८ लाख वर्षांपूर्वीची, आपल्या फार दूरच्या पूर्वजाची. २००५ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या जबड्यात एक दात सोडला तर बाकी सगळे मरणाआधीच गेलेले होते. दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या, म्हणजे दात गेल्यावरही तो जीव काही वर्षं जगला होता. कसा जगला, यावर अभ्यासक वाद घालतात. मेंदू, मज्जा, पिकलेली फळं मिळाली असतील. दगडाने ठेचून खाल्लं असेल. कुणीतरी ठेचून दिलं असेल, असंही काहींना वाटतं. तेव्हा चूल बारमाही पेटत नव्हती, भात नव्हता, पेज नव्हती. तरीही एक म्हातारा जीव दातांवाचून जगला. माईचा खल आणि द्मानिसीतला तो दगड यांच्यामध्ये कुणी अखंड धागा दाखवू शकणार नाही. पण दुसऱ्यासाठी अन्न मऊ करण्याची गरज माणसाला माणूस होतानाच पडली असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हेदवीच्या टेकडीवरचा दशभुजा लक्ष्मी-गणेश आमचा देव. पेशवेकाळातलं देऊळ, शुभ्र दगडातली दहा हातांची मूर्ती, मांडीवर लक्ष्मी. माघी चतुर्थीला गाव तिथे लोटतो. दर्शन घेऊन बाहेर आलं की हातावर खोबऱ्याचा तुकडा पडतो. माई तो तुकडा तोंडात घालायची नाही. पदराच्या टोकाला बांधायची आणि घरी आल्यावर नातवंडांत वाटायची. प्रसाद वाटण्यात तिला आनंद होता हे खरंच. पण ज्या प्रसादाला ती पायऱ्या चढून जायची, तो तिच्या दातांना आता झेपत नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

गणपतीला आपण एकदंत म्हणतो. त्याचा एक दात कसा मोडला याच्या कथा अनेक. त्यांतली एक आमच्या भूमीची. परशुराम कैलासावर शंकराच्या भेटीला गेले, गणपतीने वाट अडवली, परशुरामांनी परशू फेकला आणि पित्याने दिलेल्या शस्त्राचा मान राखायचा म्हणून गणपतीने तो वार आपल्या दातावर झेलला. चिपळूणजवळ परशुरामांचं देऊळ आहे आणि हेदवीला गणपतीचं. वार करणारा आणि झेलणारा दोघेही आमच्या पंचक्रोशीत नांदतात. हत्तीचा तो बाहेर आलेला सुळा म्हणजे खरं तर वरचा पटाशीचा दात, अतोनात वाढलेला. चावण्याशी त्याचा संबंध नाही. तो मोडला म्हणून हत्ती उपाशी राहत नाही. हत्तीचं आयुष्य अवलंबून असतं ते आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या दाढांवर. जबड्याच्या प्रत्येक बाजूला एका वेळी एकच मोठी दाढ काम करते. ती झिजली की मागून दुसरी पुढे सरकत येते. प्रत्येक बाजूला अशा सहा दाढा हत्तीला जन्मभरासाठी मिळतात. सहावी झिजली, साधारण साठीच्या सुमाराला, की पुढे काही येत नाही. मग तो पाणथळ जागी कोवळं गवत शोधत फिरतो, कारण झाडाची साल आणि फांद्या त्याला मोडवत नाहीत, आणि हळूहळू खंगतो. देवाच्या दिसणाऱ्या दाताची कथा पुराणांनी सांगितली. न दिसणाऱ्या दाढांची गोष्ट रानात हत्ती मुकाट जगतो, आणि आपल्या घरांत म्हातारी माणसं.

फरक इतकाच, की हत्तीला सहाव्या दाढेपुढे इलाज नाही. माणसाला आहे. आणि मला जे सांगायचं आहे ते हेच, की दात जाणं हा वयाचा धर्म नाही. आपल्याकडे पन्नाशीनंतर दाढ गेली तर कुणाला नवल वाटत नाही. केस पिकतात तसे दात पडतात, अशी समजूत आहे. पण दात वयाने पडत नाहीत. ते किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने जातात आणि हे दोन्ही आजार टाळता येतात, थांबवता येतात.

हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या कातळात समुद्राने कोरलेली अरुंद, खोल चीर. भरतीला लाट आत शिरते आणि कोंडलेलं पाणी फवाऱ्यासारखं उंच उडतं. ते पाहायला माणसं लांबून येतात. कधीतरी तिथे कातळात एक बारीक भेग असणार. पाणी रोज तिथेच येत राहिलं. दाताची कीडही अशीच आत शिरते. सुरुवातीला पांढरट डाग, मग काळा ठिपका, मग थंड पाण्याने झिणझिण. तोवर भेग भरता येते, अर्ध्या तासाचं काम. पण दुखत नाही तोवर दवाखाना नाही, हा आपला शिरस्ता. ठणका लागला की लवंग, लवंगेचं तेल, मग गोळी. अगदी असह्य झालं की चिपळूणला नाहीतर गुहागरला जाऊन दाढ उपटून यायची. दुखणं थांबतं आणि माणूस सुटल्यासारखा घरी येतो. मोडलेला हात कुणी कापून टाकत नाही. दाढ मात्र आपण सहज टाकून येतो.

त्यात मशेरीची भर. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर घासणाऱ्या बायका आमच्याकडे किती. दात साफ होतात या समजुतीने घासायला घेतात, नंतर तलफ सोडत नाही. तंबाखूने हिरड्या मागे सरतात, मुळं उघडी पडतात. सुपारीने दाढा झिजतात आणि गालाच्या आतली कातडी घट्ट होत जाऊन तोंड उघडेनासं होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं. ज्या वाडीवर आमची घरं उभी राहिली तिच्याबद्दल हे लिहिताना हात जड होतो. पण लिहायला हवं.

दात वयाने जात नाहीत याचा पुरावा जपानने दिला आहे. १९८९ साली तिथल्या आरोग्य खात्याने आणि दंतवैद्यांच्या संघटनेने मोहीम काढली, ‘८०२०’. ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे २० दात. तेव्हा ते गाठणारी माणसं दहांत एकसुद्धा नव्हती. २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक जपान्यांच्या तोंडात २० किंवा जास्त दात होते. एका पिढीत हे झालं. माणसांचं वय कमी झालं नव्हतं, काळजी वाढली होती. एकूण जगात काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाचा अंदाज असा, की साठी ओलांडलेल्यांत सरासरी २३ टक्के माणसांच्या तोंडात एकही दात नाही.

आणि वीसच का? १९८१ मध्ये नेदरलंड्समधले दंतवैद्य कायझर यांनी दाखवून दिलं, की मागच्या दाढा गेल्या तरी पुढचे दात आणि उपदाढा मिळून वीस दात नीट भिडत असतील तर बहुतेकांचं खाणंपिणं समाधानाने चालतं. सगळे बत्तीस जपायचा हट्ट नाही. वीस तरी जपू. लहान बाळाला तिसऱ्या वर्षापर्यंत येतात तेही वीसच दुधाचे दात. तिसऱ्या वर्षी जेवढ्यांवर मूल भाकरी चावायला शिकतं, ऐंशीव्या वर्षी तेवढेच पुरतात. हे मागणं काही फार मोठं नाही.

ज्यांचे गेले त्यांच्यासाठी कवळी आहे. माईलाही केली होती. लग्नामुंजीत ती घालायची आणि छान दिसायची. शब्दही स्वच्छ उमटायचे. पण जेवायच्या वेळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची. यात तिचा हट्ट नव्हता. संपूर्ण कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी भरतो. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे अन्नाचा ऊन-थंडपणा आणि पोत पूर्वीसारखा कळत नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षावर्षाने झिजतं, खालचं जास्त. म्हणून चांगली बसलेली कवळीही काही वर्षांत सैल होते, हलते, हिरडी सोलते. तिला आतून पुन्हा अस्तर लावून घ्यावं लागतं, कधी नवी करावी लागते. हे कुणी सांगितलेलं नसतं. एकदा कवळी केली की तो विषय संपला, असं घराला वाटतं आणि ती सोसणाऱ्यालाही. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट रोवून त्यांवर कवळी अडकवली तर ती पक्की बसते. २००२ साली मॉन्ट्रियलमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी हाच पहिला उपचार असावा, असं म्हटलं. आपल्याकडे तो अजून खर्चाचा आहे. पण सैल कवळी दुरुस्त करून घेणं बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे आणि खेडला दंत महाविद्यालय झाल्यापासून रत्नागिरी जिल्ह्याच्या या टोकालाही दातांसाठी मुंबईच गाठावी लागते असं राहिलेलं नाही.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. मऊ म्हणजे नुसता भात, असं समजू नये. पेरू कापून वाफवता येतो, काजू-शेंगदाण्यांचं कूट करता येतं, काकडी कोचवून दह्यात घालता येते, पालेभाजी घोटून, मासळी काटे काढून देता येते. खोबऱ्याचा प्रसाद खोवून त्यात गूळ घालता येतो. हे करताना ‘तुझ्यासाठी वेगळं केलं’ असं न म्हणता सगळ्यांच्याच पानात वाढावं. आणि पंगत थोडी थांबवावी. म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाला लागणारा वेळ हा त्याचा हक्क आहे, कुणी केलेली मेहेरबानी नव्हे.

पण खरं काम सुरू होतं ते सहाव्या वर्षी. पहिलीत गेलेल्या मुलाच्या तोंडात, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, रक्त येत नाही, म्हणून घरात कुणाला तिची चाहूल लागत नाही. दिसली तरी दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देतात. ती पडणार नसते. पुढे आयुष्यभर सगळ्यांत जास्त दळण हीच दाढ दळते आणि लवकर किडून लवकर जाणाऱ्या दाढांतही हिचाच नंबर वर. तिच्यावरच्या खाचा वेळेवर बुजवून घेता येतात, फ्लोराइडच्या पेस्टने रोज रात्री झोपण्याआधी घासता येते. हेदवीतल्या, वेळणेश्वरातल्या, गुहागरातल्या ज्या मुलांना या जूनमध्ये सहावं लागेल, त्यांच्या आईबापांनी आणि आजीआजोबांनी मुलाला उजेडात बसवून, तोंड उघडायला लावून, मागे नवी दाढ आली का ते पाहावं. ऐंशीव्या वर्षी हे मूल कुठल्या ताटाशी बसणार, ते त्या दाढेच्या काळजीवर पुष्कळसं ठरणार आहे. आणि तोंड उघडून बघायला बसलोच आहोत, तर शेजारी बसलेल्या आजीलाही विचारावं, “आज्जी, तुला काय चावत नाही?” ती आधी ‘काही नाही’ म्हणेल. दुसऱ्यांदा विचारावं.